आयलंड गेम्स

आयलंड गेम्स ही लहान बेटांची, दर दोन वर्षांनी भरणारी आंतरराष्ट्रीय बहुक्रीडा स्पर्धा. खेळायला येणारी बेटे आणि यजमानही बेटच, हे तिचे वेगळेपण. ती भरवणाऱ्या बेटाची लोकसंख्या कधी कधी वीस-पंचवीस हजारच असते. अशा ठिकाणी आठवडाभर हजारो पाहुण्यांची सोय कशी लावायची, हा प्रश्न स्पर्धेइतकाच मोठा होऊन बसतो. म्हणून या नोंदीत पदकांपेक्षा यजमानपदाविषयी अधिक लिहिले आहे.

पहिली स्पर्धा १९८५ साली ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यामधल्या आइल ऑफ मॅन या बेटावर झाली. त्या वर्षी या बेटाने आंतरराष्ट्रीय क्रीडावर्ष साजरे केले आणि त्यातला एक कार्यक्रम म्हणून इतर बेटांना खेळायला बोलावले. जेफ्री कॉर्लेट हे या स्पर्धेचे संचालक होते. १५ बेटे आली, ७ खेळ झाले. पुन्हा भरवायचे असे आधी ठरलेले नव्हते. पण खेळाडूंना आणि पथकांना ही भेट इतकी भावली की १९८७ साठी इंग्लिश खाडीतले गर्न्सी पुढे आले आणि मग कोविडपर्यंत खंड पडला नाही. पुढे फेरो, ऑलंड, आइल ऑफ वाइट, जिब्राल्टर, जर्सी, गॉटलंड, शेटलंड, ऱ्होड्स, बर्म्युडा अशी यजमानपदाची साखळी लांबत गेली. स्पर्धेचे नियमन इंटरनॅशनल आयलंड गेम्स असोसिएशन करते. आज २४ च्या आसपास बेटे तिच्याशी जोडलेली आहेत. त्यांत ग्रीनलंडसारखे प्रचंड पण विरळ वस्तीचे बेट आहे आणि जेमतेम पाचशे-सहाशे वस्तीचे, मोटारी नसलेले सार्कही आहे. जिब्राल्टर हे तर भूगोलाच्या व्याख्येत बेटच नव्हे, ते द्वीपकल्प आहे. तरी ते इथे आपलेच मानले गेले.

बेटांना या स्पर्धेचे इतके अप्रूप का, हे ऑलिंपिककडे पाहिले की कळते. बर्म्युडा किंवा केमन बेटांचे स्वतःचे ऑलिंपिक पथक आहे, बहुतेकांचे नाही. ऑर्कनी आणि शेटलंडचा खेळाडू ब्रिटनकडून, गॉटलंडचा स्वीडनकडून, ऑलंडचा फिनलंडकडून खेळतो. डेन्मार्कच्या अखत्यारीतल्या फेरो बेटांचा जलतरणपटू पॉल योएन्सन याने २०१० च्या युरोपीय स्पर्धेत १५०० मीटर शर्यतीत रौप्यपदक मिळवले ते फेरोच्या नावावर. पण २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्याला डेन्मार्ककडून उतरावे लागले. आयलंड गेम्समध्ये मात्र तो फेरोचाच खेळाडू असे आणि तिथे त्याने सुवर्णपदकांची रास रचली. ज्या गावात तो वाढला त्या व्हाऊउरमध्ये पंचवीस मीटरचा तलाव होता. त्याच्या यशानंतर गावाने पन्नास मीटरचा तलाव बांधला आणि त्याला पॉलचे नाव दिले. लहान जागी एका खेळाडूचे यश असे सगळ्या गावाचे होऊन जाते.

उद्घाटनातला एक विधी सर्वांत सुंदर आहे. प्रत्येक पथक आपल्या बेटावरचे पाणी बाटलीत भरून आणते. संचलनानंतर एकेका बेटाचा खेळाडू पुढे येतो, बाटली उघडतो आणि पाणी एका कारंज्यात ओततो. ज्या पाण्याने ही बेटे एकमेकांपासून तोडली आहेत, तेच एका कुंडात मिसळते. मशालीचा भपका नाही, पण बेटावरच्या माणसाला हे लगेच भिडते.

यजमानपद मागणाऱ्या बेटापुढे पहिला प्रश्न खेळांचा. मान्य खेळांच्या यादीतून यजमानाने साधारण १२ ते १४ निवडायचे असतात आणि ही निवड आपल्याकडची मैदाने, तलाव, सभागृहे पाहूनच होते. एखादा खेळ वगळला की त्या खेळावर भर देणारे बेट हिरमुसते, आणि त्यात चूक कुणाचीच नसते. २०१९ च्या जिब्राल्टर स्पर्धेत फुटबॉल नव्हता. उणेपुरे सात चौरस किलोमीटर क्षेत्र, त्यात मैदाने किती बसणार? मग फुटबॉलची वेगळी स्पर्धा त्याच वर्षी वेल्सच्या इनिस मोन म्हणजे अँगलसी बेटावर भरली. बर्म्युडाने २०१३ साली स्पर्धा पहिल्यांदाच युरोपबाहेर नेली, तेव्हा अटलांटिक ओलांडण्याचा खर्च आड आला आणि पुरुषांच्या फुटबॉलमध्ये चारच संघ उतरले.

२०२५ चे यजमान ऑर्कनी हे या सगळ्याचे उत्तम उदाहरण. स्कॉटलंडच्या उत्तरेला सुमारे सत्तर बेटांचा हा समूह. वस्ती त्यांतल्या वीसेक बेटांवर आणि एकूण लोक बावीस हजारांच्या आसपास. १९८५ च्या पहिल्या स्पर्धेत ऑर्कनीचे पथक होते, पण यजमान व्हायला चाळीस वर्षे जावी लागली. तीही संधी आली ती इनिस मोनने आर्थिक कारणांवरून माघार घेतल्यामुळे. १२ ते १८ जुलै या आठवड्यात २४ बेटांचे सुमारे दोन हजार खेळाडू आले. म्हणजे दर अकरा रहिवाशांमागे एक पाहुणा, आणि यात पंच, प्रशिक्षक, घरची मंडळी धरलेली नाहीत. हॉटेलांत एवढ्यांची सोय होणे शक्यच नव्हते. सुट्टीमुळे रिकाम्या असलेल्या शाळा उपयोगी पडल्या: वर्गखोल्यांत खाटा टाकल्या आणि जिथे एरवी मुले बसतात तिथे धावपटू झोपले. मुख्य गाव कर्कवॉल. ११३७ साली बांधायला घेतलेले तांबूस दगडाचे सेंट मॅग्नस कॅथीड्रल, त्याभोवतीच्या अरुंद गल्ल्या, आणि त्या गल्ल्यांतून आपापले झेंडे घेऊन चाललेली पथके. ऑर्कनीचा स्वतःचा झेंडा तसा नवाच, २००७ साली लोकांचा कौल घेऊन ठरवलेला. घरच्या रस्त्यावर एवढ्या झेंड्यांच्या बरोबरीने तो फडकावणे ही त्या लोकांसाठी साधी गोष्ट नव्हती. जुलैत तिथे रात्री दहानंतरही उजेड असतो. दिवसाचे खेळ संपले तरी दिवस संपत नाही.

अशा स्पर्धेचा खरा कणा स्वयंसेवक असतात. बस चालवणारा, धावपट्टीशेजारी वेळ नोंदणारा आणि जेवण वाढणारा हे सगळे एकमेकांच्या ओळखीचे. मोठ्या शहरातल्या स्पर्धेला पैशाने जे विकत घ्यावे लागते, ते इथे शेजारधर्मावर उभे राहते. पण शेजारधर्मालाही मर्यादा असतात. बोट किंवा विमान धुक्यात अडकले की पूर्ण वेळापत्रक कोलमडते आणि पर्यायी रस्ता नसतो. दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटाच्या पथकाची तऱ्हा तर आणखी निराळी: २०१७ साली नियमित विमानसेवा सुरू होईपर्यंत त्यांना आधी केपटाउनपर्यंत पाच-सहा दिवस बोटीने जावे लागे आणि प्रवासाची खरी सुरुवात त्यानंतर.

स्पर्धांचा दर्जा फार विषम असतो, हे मान्य करायला हवे. २००३ साली गर्न्सीत सार्कच्या फुटबॉल संघाने चार सामन्यांत ७० गोल खाल्ले आणि एकही केला नाही. मला मात्र त्या संघाविषयी आदरच वाटतो. पाचशे-सहाशे माणसांच्या वस्तीतून अकरा जण उभे करायचे आणि चौथ्या सामन्यालाही मैदानावर उतरायचे, याला हिंमत लागते. याच्या दुसऱ्या टोकाला शेटलंड. २००५ साली घरच्या प्रेक्षकांसमोर त्यांनी अंतिम सामन्यात गर्न्सीला २-० असे हरवून फुटबॉलचे सुवर्ण मिळवले. त्या विजयाच्या आठवणी तिथे अजून निघतात.

लहान बेटाने बहुक्रीडा स्पर्धा भरवण्याची प्रथा युरोपपुरती नाही. पॅसिफिकमधील मिनी गेम्स २००१ साली जेमतेम दोन हजार वस्तीच्या नॉरफोक बेटावर झाल्या. २०२५ च्या जून-जुलैत त्या पलाऊने भरवल्या, म्हणजे ऑर्कनीच्या जवळपास बरोबरीनेच.

कोविडमुळे गर्न्सीची २०२१ ची स्पर्धा २०२३ वर गेली, तेवढाच काय तो खंड. २०२७ चे यजमानपद फेरो बेटांकडे आहे. १९८९ साली त्यांनी ती पहिल्यांदा भरवली तेव्हाच फुटबॉलचा समावेश झाला आणि सुवर्णही फेरोनेच जिंकले. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९९० मध्ये, त्यांनी युरोपीय पात्रता स्पर्धेतल्या आपल्या पहिल्याच सामन्यात ऑस्ट्रियाला १-० ने हरवले. तो सामना त्यांना स्वीडनमधल्या लांद्स्क्रोना गावी खेळावा लागला, कारण फेरोत तेव्हा गवताचे एकही मैदान नव्हते.