तात्पुरते हवाई निर्बंध (बेळगाव सीमाभाग)

एखाद्या भागावरचे आकाश ठरावीक दिवशी, ठरावीक तासांत आणि ठरावीक उंचीपर्यंत सर्वसामान्य उड्डाणांसाठी बंद ठेवणे किंवा अटींवर खुले ठेवणे, याला तात्पुरता हवाई निर्बंध म्हणतात. कायमची निषिद्ध, निर्बंधित आणि धोक्याची क्षेत्रे वैमानिकांच्या नकाशावर छापलेली असतात. तात्पुरता निर्बंध ‘नोटाम’ नावाच्या सूचनेतून कळतो आणि मुदत संपली की उठतो. प्रवासी विमानाच्या वैमानिकाला अशा सूचना कंपनीचा नियोजन विभाग चाळून देतो. खासगी परवान्यावर किंवा प्रशिक्षणासाठी लहान विमान उडवणाऱ्याला त्या स्वतःच शोधून वाचाव्या लागतात, आणि वाचण्यात चूक झाली तर जबाबदारीही त्याचीच असते.

बेळगावच्या सीमाभागात हा विषय पुस्तकापुरता उरलेला नाही. सांबऱ्याची, म्हणजे बेळगाव विमानतळाची, धावपट्टी १९४२ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश हवाई दलाने बांधली. आजही तिला लागूनच भारतीय हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. २०२१ मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाने उड्डाण प्रशिक्षण संस्थांसाठी जी पाच विमानतळे निवडली, त्यांत जळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि लीलाबारी यांच्यासोबत बेळगावही होते. तेव्हापासून सांबरा, मुतगे, निलजी, बाळेकुंद्री या गावांना लहान विमानांची घरघर सवयीची झाली आहे.

या निर्बंधांमागचा मूळ कायदा केंद्राचा आहे. १९३४ च्या विमान कायद्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली. कारणे मात्र बरीच असतात: अतिमहत्त्वाच्या व्यक्तींचे दौरे, लष्कराचा गोळीबाराचा सराव, हवाई कसरती, पुरातले बचावकार्य. बेळगावात यांतले पहिले कारण ठळक दिसते. हलगा-बस्तवाडजवळच्या सुवर्ण विधानसौधाचे उद्घाटन ११ ऑक्टोबर २०१२ रोजी झाले आणि कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन तिथे भरते. निवडणुकीच्या दिवसांत हेलिकॉप्टरांच्या फेऱ्या वाढतात, त्या वेगळ्याच.

नोटाम वाचणे हे विमान उतरवण्याइतकेच शिकून घेण्याचे काम आहे. सूचनेत अक्षरांच्या खुणांनी ओळी पाडलेल्या असतात: ‘ए’ मध्ये ठिकाण, ‘बी’ मध्ये सुरुवात, ‘सी’ मध्ये शेवट, ‘डी’ मध्ये रोजचे तास, ‘ई’ मध्ये मजकूर, ‘एफ’ आणि ‘जी’ मध्ये खालची आणि वरची उंची. वेळ आपल्या घड्याळाची नसते. ती जागतिक प्रमाणवेळ असते, वैमानिकांच्या बोलीत ‘झुलू’. तिच्यात साडेपाच तास मिळवले की भारतीय वेळ निघते. समजा, निर्बंध ८ तारखेला ०३३० ते ११३० असा आहे. याचा अर्थ सकाळी ९ ते संध्याकाळी ५. पहाटे साडेतीनशी त्याचा संबंध नाही. त्याहून फसवी वेळ २००० ही. ७ तारखेचे २००० म्हणजे आपल्याकडे ८ तारखेचा मध्यरात्रीनंतरचा दीड. इथे तारीखच बदलते. म्हणून जुने प्रशिक्षक नवशिक्याला दोन्ही वेळा कागदावर शेजारी शेजारी लिहायला लावतात, आणि ते योग्यच आहे.

उंचीचा घोळ बेळगावात जास्त होतो. निर्बंधाची वरची मर्यादा ४,००० फूट दिली असेल आणि ती समुद्रसपाटीपासून मोजलेली असेल, तर गोव्याच्या किनाऱ्यावर जमिनीपासूनही जवळजवळ तेवढीच उंची मिळते. सांबऱ्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर आहे. तिथे तीच मर्यादा जमिनीपासून जेमतेम दीड हजार फुटांवर येते. ‘आपण निर्बंधाच्या वरून जाऊ’ असे ठरवण्याआधी हे गणित करायलाच हवे.

जागा अक्षांश-रेखांश आणि त्रिज्या देऊन सांगितलेली असते. नकाशावर कर्कटकाने वर्तुळ काढले की चित्र उलगडते. सुवर्ण सौध मध्यबिंदू धरून १० सागरी मैलांचे, म्हणजे सुमारे साडेअठरा किलोमीटरचे वर्तुळ काढले, तर बेळगाव शहर आणि सांबऱ्याची धावपट्टी दोन्ही त्यात येतात. मग वळसा घालून जाण्याचा प्रश्नच राहत नाही. विमान जागचे हलतच नाही. कोल्हापूर हवाई अंतराने शंभर किलोमीटरच्या आत आहे, हुबळी त्याहून जवळ. लहान विमानाला दोन्हीकडे पोचायला साधारण अर्धा तास लागतो. इतक्या जवळच्या विमानतळांपैकी एक जरी बंद पडला तरी लांब पल्ल्याच्या एकट्याच्या सरावाचा आराखडा मोडतो. व्यावसायिक परवान्यासाठी किमान ३०० सागरी मैलांचे आणि वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरण्याचे उड्डाण करावे लागते. त्यातला एक थांबा हुकला तर सगळा दिवस पुन्हा जुळवावा लागतो.

ऋतूही आड येतो. भारतात डोळ्यांनी पाहून करायचे उड्डाण सामान्यतः सूर्यास्तानंतर २० मिनिटांनी थांबते, आणि पावसाळ्यात ढग खाली आले की दिवसाही ते जमत नाही. स्वच्छ आकाशाचे दिवस नोव्हेंबरपासून मिळतात. अधिवेशनही हिवाळ्यातच असते, त्यामुळे नेमके चांगले दिवसच कापले जातात.

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार आणीबाणी सोडून इतर तात्पुरत्या निर्बंधाची सूचना किमान सात दिवस आधी द्यायची असते. निर्बंध लवकर संपला किंवा त्याचे तास कमी झाले, तर तेही लवकरात लवकर, शक्य असल्यास २४ तास आधी, कळवायचे असते. या दुसऱ्या अपेक्षेकडे जेवढे लक्ष द्यायला हवे तेवढे दिले जात नाही, असे या नोंदकाराचे स्पष्ट मत आहे. नेता दुपारी परतला आणि रद्द करणारा नोटाम निघाला नाही, तर कागदावरचे वर्तुळ संध्याकाळपर्यंत तसेच राहते आणि तासाचे पैसे भरून शिकणाऱ्या मुलामुलींचा दिवस वाया जातो. सुरक्षेसाठी आकाश बंद ठेवण्याबद्दल कोणाची तक्रार नसावी. गरज संपताच ते खुले करणेही त्याच कामाचा भाग आहे.

उड्डाणाआधी फ्लाइट प्लॅनसोबत उड्डाण माहिती केंद्राचा (एफआयसी) क्रमांक आणि हवाई संरक्षणाच्या मंजुरीचा (एडीसी) क्रमांक घ्यावा लागतो. हवेत असताना निर्बंध लागला किंवा चुकून हद्दीत शिरल्याचे लक्षात आले, तर लपवाछपवी करू नये. विमानतळाच्या नियंत्रण मनोऱ्याशी ताबडतोब बोलावे, संपर्क तुटला असेल तर १२१.५ मेगाहर्ट्झ या आणीबाणीच्या रेडिओ लहरीवर हाक द्यावी आणि सांगितलेल्या दिशेने बाहेर पडावे. लढाऊ विमान शेजारी येऊन पंख हलवू लागले, तर त्याचा अर्थ ‘माझ्यामागे ये’ असा होतो. आपणही पंख हलवून उत्तर द्यायचे आणि त्याच्या मागोमाग जायचे. ते एकदम वर उसळून वळले की आपल्याला मोकळे केले, असे समजावे.

ड्रोनचे नियम वेगळे आहेत. ड्रोन नियम, २०२१ नुसार तातडीची गरज असेल तर राज्य सरकारला एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरते लाल क्षेत्र, म्हणजे ड्रोनला बंदी असलेला भाग, जाहीर करता येते. हा अधिकार पोलीस अधीक्षक किंवा त्या दर्जाच्या अधिकाऱ्यामार्फत वापरला जातो, आणि क्षेत्र शक्य तितके लहान ठेवावे असे नियमातच म्हटले आहे. त्यामुळे सीमाभागात एक गुंता होतो. निपाणीत लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्याला कर्नाटकचा आदेश लागू होतो. कोगनोळीचा नाका ओलांडून कागलला गेला की महाराष्ट्राचा. नोटामच्या वर्तुळाला राज्याची हद्द नसते, ते दोन्हीकडे सारखेच लागू असते. म्हणून इथल्या ड्रोनवाल्याने उडवण्याआधी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी ऑनलाइन मंचावरचा त्या दिवसाचा नकाशा पाहावा, आणि काम नाक्याच्या दोन्ही बाजूंना असेल तर तो दोन्ही ठिकाणांसाठी पाहावा.