यकृत प्रत्यारोपणापूर्वीची मूत्रपिंड तपासणी

सिरोसिसच्या (यकृत कडक व व्रणयुक्त होण्याच्या आजाराच्या) रुग्णाला यकृत प्रत्यारोपणासाठी घेण्यापूर्वी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: मूत्रपिंडे आज किती काम करतात, आणि बिघडली असतील तर नवे यकृत बसल्यावर सावरतील का. दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण यकृताबरोबर मूत्रपिंडही बदलायचे की नाही ते त्यावर ठरते.

नेहमीची तपासणी म्हणजे रक्तातील क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडे बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ; तो वाढला की मूत्रपिंडे कमी काम करतात असे समजतात. आणि याच रुग्णांत ती सर्वाधिक फसवते. क्रिएटिन मुख्यतः यकृत व मूत्रपिंडांत तयार होते आणि स्नायूंत त्याचे क्रिएटिनिन होते. सिरोसिसमध्ये यकृताचे उत्पादन घटते, स्नायू झडतात, अंगात साठलेल्या पाण्यामुळे रक्तातले प्रमाण आणखी पातळ होते. कावीळ जास्त असेल तर जाफे या रंगावर आधारलेल्या जुन्या पद्धतीच्या चाचणीत बिलिरुबिनमुळे (काविळीच्या पिवळ्या द्रव्यामुळे) आकडा खाली येऊ शकतो. अशा वेळी एन्झाइम पद्धत वापरावी. ५५ वर्षांच्या पुरुषाचे क्रिएटिनिन १.० मिग्रॅ./डेसीलिटर आले, की २०२१चे सीकेडी-ईपीआय सूत्र जीएफआर (मूत्रपिंडांचा गाळण्याचा वेग, मिलि./मिनिट) ८९च्या आसपास दाखवते. हातपाय काडीसारखे झालेल्या, पोट पाण्याने भरलेल्या रुग्णात खरा जीएफआर ६०च्याही खाली असू शकतो. स्त्रियांत स्नायू मुळात कमी असल्याने ही चूक वाढते. अमेरिकेत २०२३पासून लागू झालेल्या मेल्ड ३.०मध्ये (यकृताच्या प्रतीक्षायादीत क्रम ठरवणाऱ्या गुणपद्धतीत) स्त्रियांना १.३३ गुण जास्त मिळतात.

चोवीस तासांची लघवी जमवूनही फारसे साधत नाही. मूत्रनलिका स्वतःच क्रिएटिनिन बाहेर टाकत असल्याने आकडा फुगतो, आणि गुंगीतल्या रुग्णाची एखादी लघवी हमखास सुटते. सिस्टॅटिन-सी हे रक्तात मोजता येणारे दुसरे द्रव्य स्नायूंवर फारसे अवलंबून नसते, त्यामुळे ते बरे. पण स्टेरॉइड, थायरॉइडचे विकार आणि दाह यांमुळे तेही बदलते. निर्णय सीमारेषेवर असेल तर आयोहेक्सॉल किंवा डीटीपीए ही मूत्रपिंडांतून गाळली जाणारी द्रव्ये टोचून जीएफआर प्रत्यक्ष मोजावा. जलोदरात (पोटात पाणी साठलेले असताना) हे द्रव्य पोटातल्या पाण्यात झिरपते, म्हणून उशिराचे रक्तनमुनेही घ्यावे लागतात. केवळ सुरुवातीचे नमुने घेतले तर जीएफआर खोटा वाढलेला दिसतो. गॅमा कॅमेऱ्याच्या चित्रावरून काढलेला आकडा रक्तनमुन्यांइतका भरवशाचा नाही.

क्रिएटिनिन ४८ तासांत ०.३ मिग्रॅ./डेसीलिटरने वाढले किंवा सात दिवसांत दीडपट झाले, तर ती मूत्रपिंडाची तीव्र इजा समजतात. आधी मूत्रल (लघवी वाढवणारी) औषधे व वेदनाशामके थांबवून संसर्ग शोधावा. जलोदराचे पाणी काढून पेशी मोजणे यात चुकवू नये. शरीरात द्रव कमी असेल तर दर किलो वजनामागे १ ग्रॅम अल्ब्युमिन (रक्तातले प्रथिन) शिरेतून, दिवसाला कमाल १०० ग्रॅम. जुन्या निकषांत दोन दिवस वाट पाहत. २०२४च्या निकषांत २४ तास पुरेसे मानले आहेत. तरीही सुधारणा नाही, शॉक नाही आणि मूत्रपिंडाच्या स्वतःच्या आजाराच्या खुणा नाहीत, तर हेपॅटोरीनल सिंड्रोमचे (यकृताच्या आजारामुळे मूत्रपिंडे मंदावण्याचे) निदान होते व टर्लिप्रेसिन हे रक्तवाहिन्या आकुंचित करणारे औषध सुरू करतात. ऑक्सिजन ९०%खाली असलेल्या रुग्णाला ते देऊ नये, आणि अल्ब्युमिनचा अतिरेक झाला की फुफ्फुसांत पाणी भरते.

हेपॅटोरीनल सिंड्रोममध्ये मूत्रपिंडे रचनेने बऱ्याच अंशी शाबूत असतात आणि यकृत बदलल्यावर बहुधा सुधारतात. मात्र डायलिसिस जितके लांबते तितकी ही आशा कमी. लघवीतून रोज जाणारी प्रथिने ५०० मिग्रॅ.हून अधिक, लघवीत रक्तपेशी किंवा सोनोग्राफीत आक्रसलेली मूत्रपिंडे दिसली तर जुना आजार धरावा. मधुमेहात मूत्रपिंडांचा आकार बराच काळ राखला जातो, त्यामुळे नुसत्या सोनोग्राफीने निश्चिंत होऊ नये. मूत्रपिंडाची बायॉप्सी (तुकडा काढून तपासणी) क्वचितच करतात, कारण रक्तस्रावाचा धोका मोठा.

अमेरिकेचे २०१७चे नियम दोन्ही अवयव एकत्र देण्यासाठी ढोबळमानाने असे: जीएफआर ९० दिवसांहून जास्त ६० किंवा कमी राहून नोंदणीच्या वेळी ३० किंवा कमी, अथवा कायमचे डायलिसिस, किंवा तीव्र इजेत सलग सहा आठवडे डायलिसिस वा जीएफआर २५ किंवा कमी, शिवाय काही चयापचयाचे आजार. यात न बसलेल्याचे मूत्रपिंड यकृत मिळाल्यावर ६० ते ३६५ दिवसांच्या काळात निकामी राहिले, तर त्याला मूत्रपिंडासाठी प्राधान्य मिळते. भारतात बहुतेक यकृते जिवंत दात्याकडून येतात. तिथे मूत्रपिंडासाठी सहसा दुसरा दाता शोधून त्याचीही पूर्ण तपासणी करावी लागते. मेंदूमृत दात्याच्या अवयवांचे वाटप महाराष्ट्रात विभागीय प्रत्यारोपण समन्वय समित्यांमार्फत होते.