एआरटीच्या मोफत गोळ्या: पैसा आला कुठून?

पुण्याच्या ससून रुग्णालयातून एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या औषधांच्या, महिन्याच्या गोळ्या घेतलेला माणूस दौंडच्या गाडीत बसण्याआधी काय करतो, ते मी पाहिलंय. डबीवरचं लेबल नखाने खरवडतो, खुळखुळ आवाज होऊ नये म्हणून आत कापसाचा बोळा कोंबतो आणि डबी पिशवीच्या तळाशी सारतो. लपवण्याचा हा ताप अजून सुटलेला नाही. पण त्या डबीसाठी त्याला एक पैसाही मोजावा लागत नाही. पंचवीस वर्षांपूर्वी हे कुणाला खरं वाटलं नसतं.

देशात एचआयव्हीचं पहिलं निदान १९८६चं, मद्रासमधलं. १९९२मध्ये जागतिक बँकेच्या कर्जावर राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तो चालवणारी नॅको ही राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी आपल्या भोसरीत ‘नारी’ ही एड्सवरची संशोधन संस्था उभी राहिली. पैसा होता तो सुरक्षित रक्त, तपासणी आणि जनजागृतीसाठी. एआरटीसाठी नव्हता. तीन औषधं एकत्र दिली की माणूस जगतो, हे १९९६च्या सुमारास जगाला कळलं. पण परदेशात त्यांचा वर्षाचा खर्च दहा-पंधरा हजार डॉलर.

भाव पाडला तो भारतीय कंपन्यांनी. १९७०च्या कायद्यानुसार आपल्याकडे औषधाला नव्हे, ते बनवण्याच्या पद्धतीला पेटंट मिळायचं; वेगळ्या पद्धतीने तेच औषध बनवायला आडकाठी नव्हती. त्यामुळे २००१मध्ये सिप्ला हीच औषधं वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ करू शकली. म्हणजे सोळा हजार रुपये. मार्केट यार्डातल्या हमालाला तेही कुठून परवडणार? नवरा-बायको दोघंही पॉझिटिव्ह आणि पैसे एकाच्याच गोळ्यांपुरते, अशी घरं होती. त्यात बहुधा बायको मागे राहायची. हे आठवलं की आजही जीव गलबलतो.

३० नोव्हेंबर २००३ रोजी तेव्हाच्या आरोग्यमंत्री सुषमा स्वराज यांनी मोफत एआरटीची घोषणा केली. १ एप्रिल २००४पासून देशातल्या आठ रुग्णालयांत ती सुरू झाली. महाराष्ट्रात सुरुवात मुंबईच्या जेजेपासून. पुढच्या विस्ताराला ग्लोबल फंड या आंतरराष्ट्रीय निधीचा मोठा हातभार लागला. तरी सुरुवातीला सीडी-फोर, म्हणजे रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशींचा आकडा, २००च्या खाली गेल्याशिवाय बहुतेकांना गोळ्या मिळत नसत. निकष वैद्यकीय होता, पण त्यात तिजोरीचाही हिशेब होता असं मला वाटतं. रिपोर्टमध्ये २४० आलेला माणूस आणखी आजारी पडण्याची वाट बघत घरी जायचा. ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वर गेली आणि २०१७मध्ये अट उठली. निदान झालं की उपचार.

राष्ट्रीय कार्यक्रमाच्या २०२१-२६च्या टप्प्यासाठी १५,४७१.९४ कोटी रुपये मंजूर झाले आणि भार केंद्र सरकारचा होता. तरीही २०२२मध्ये काही राज्यांत गोळ्यांचा तुटवडा पडला, दिल्लीत नॅकोच्या दारात रुग्णांना आठवडेच्या आठवडे धरणं धरावं लागलं. सप्टेंबर २०१८मध्ये लागू झालेल्या एचआयव्ही कायद्यात एआरटी पुरवण्याची जबाबदारी सरकारवर आहे, पण ‘शक्य तेथवर’. हे दोन शब्द कायद्यातून काढा, अशी रुग्णांच्या संघटनांची मागणी तो मंजूर होण्याआधीपासूनची आहे. ते अजून तिथेच आहेत.