इस्त्रीचं टेबल: फर्निचर की भांडीकुंडी? (पार्श्वभूमी)

इस्त्रीचा बोर्ड म्हणजे काय हे कुणाला समजवायची गरज नाही, पण हाच प्रश्न कस्टमवाल्यांना विचारला की गोंधळ सुरू होतो, आणि गेल्या वीसेक वर्षांतली या वस्तूची बहुतेक भांडणं त्या गोंधळाभोवतीच फिरलीत.

जुना भाग पटकन उरकतो. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर स्कार इथल्या व्हायकिंग कबरीत एका म्हाताऱ्या बाईजवळ व्हेलच्या हाडाची कोरीव पाटी सापडली, नॉर्वेतही अशा पाट्या मिळाल्यात, त्यावर काचेच्या गोळ्याने कापड घासून गुळगुळीत करत असावेत असा अंदाज आहे. नंतर थेट १८५८, अमेरिकेत इस्त्रीच्या टेबलाचं पेटंट. मग १८९२ ला न्यू हेवनमधल्या एका कृष्णवर्णीय बाईंनी घेतलेलं पेटंट. 'बोर्डचा शोध त्यांनीच लावला' असं सगळीकडे फिरत असतं, ते काही खरं नाही, त्यांचं पेटंट सुधारणेचं होतं: अरुंद, वळणदार, उलटवता येणारी फळी, बायकांच्या कपड्यांच्या बाह्या नीट बसाव्यात म्हणून. पण इस्त्री करणाऱ्याला विचारा, बाहीच तर सगळ्यात छळते. पुढे लाकूड जाऊन भोकांचा किंवा जाळीचा धातूचा टॉप आला, वाफ खालून निघून जायला लागली, आणि पाय दुमडून सपाट होणारी ही वस्तू कंटेनरमध्ये रचून पाठवायलाही सोयीची झाली.

आता मुख्य विषय. ऑगस्ट २००४ मध्ये अमेरिकेने चिनी बोर्डांवर अँटी-डंपिंग ड्युटी (परदेशी माल फार स्वस्तात ओतला जातोय म्हणून लावायचं जादा आयातशुल्क) लावली, ज्या कंपन्यांना स्वतःचा वेगळा दर मिळाला नाही त्यांना तब्बल १५७.६८ टक्के. पण कशावर? 'जमिनीवर उभं राहणारं, धातूच्या टॉपचं' टेबल. पॅड-कव्हर असो नसो, जोडलेलं असो की सुटं, नुसता टॉप किंवा नुसते पाय आले तरी धरायचे. मात्र ओट्यावर ठेवायचा छोटा बोर्ड, भिंतीवरचा, दारावर अडकवायचा, हे सगळे बाहेर. युरोपने, म्हणजे युरोपीय संघाने, २००७ ला चीन आणि युक्रेनच्या बोर्डांवर ड्युटी लावली तेव्हा उलटं केलं, स्वतःच्या पायावर उभा असो वा नसो, बाहीचा छोटा बोर्डसुद्धा आत, आणि इस्त्री ठेवायची जाळीही 'महत्त्वाचा भाग' म्हणून आत! वर गंमत म्हणजे अमेरिकेत हा माल धातूचं फर्निचर, तर युरोपात कशाचा बनलाय त्यावर प्लास्टिकच्या वस्तू, लाकडी वस्तू, लोखंडी घरगुती भांडीकुंडी, आणि वाफ-हीटर असेल तर चक्क विजेचं उपकरण.

युरोपचे दर चीनसाठी कमाल ३८.१ टक्के, युक्रेनसाठी ९.९. त्यातलं एका चिनी कंपनीचं प्रकरण मला सगळ्यात खटकतं. तिला 'बाजारव्यवस्थेत चालणारी' (म्हणजे सरकारच्या नाही, बाजाराच्या हिशोबाने चालणारी) मानायचं की नाही यावर तपास यंत्रणेचं आधी नाही, मग हो, मग पुन्हा नाही. आणि शेवटच्या 'नाही'वर उत्तर द्यायला किमान दहा दिवस द्यायचा नियम असताना त्याआधीच प्रस्ताव पुढे सरकवला. युरोपीय संघाच्या खालच्या कोर्टाने २००८ ला चालतंय म्हटलं, वरच्या कोर्टाने १ ऑक्टोबर २००९ ला त्या कंपनीपुरती ड्युटी रद्द केली, बाजू मांडायचा हक्क डावलला म्हणून. जिंकली म्हणावं तर २०१० ला तपास पुन्हा उघडून ड्युटी परत लागलीच. मग दहा दिवस थांबायला काय झालं होतं?

दुसऱ्या एका कंपनीला २००७ मध्ये शून्य दर मिळाला होता. तिच्या एकटीवर २००९ ला नवा तपास निघाला आणि २०१० ला ३५.८ टक्के बसले. २०१३ ला युक्रेन सुटलं, चीनवरची ड्युटी तशीच पुढे चालू राहिली.