सापडला नाही की तिथे नाहीच? डीएनएफ आणि गायब डबा यातला घोळ

जिओकॅशिंग करणाऱ्या प्रत्येकाच्या नशिबी ही वेळ येतेच. फोन म्हणतोय तुम्ही बरोब्बर जागेवर उभे आहात, तुम्ही पाऊण तास त्याच झाडाभोवती प्रदक्षिणा घालताय, सगळे दगड उलटेसुलटे करून झाले, नखांत माती गेली, येणारेजाणारे विचित्र नजरेने बघायला लागले, आणि डबा काही मिळत नाही. मग घरी येऊन अ‍ॅप उघडलं की प्रश्न पडतो, आता लिहायचं काय? ‘मला सापडला नाही’ की ‘डबा गायब आहे’?

बरेच जण ही दोन वाक्यं एकच समजतात, नवीनच नाही तर पाच-सहाशे डबे शोधलेले सुद्धा. पण पहिलं वाक्य माझ्याबद्दल आहे आणि दुसरं डब्याबद्दल. मला सापडला नाही हे मी छातीठोक सांगू शकतो कारण ते माझ्यासोबत घडलंय. डबा तिथे नाही हे सांगायला मात्र काहीतरी पुरावा लागतो.

(नवीन वाचणाऱ्यांसाठी एका ओळीत: कोणीतरी सह्यांची वही असलेला डबा लपवतो, त्याचे अक्षांश-रेखांश टाकतो, बाकीचे शोधून सही करतात आणि डबा परत तिथेच ठेवतात. या डब्याला कॅश म्हणतात, पैशांशी काही संबंध नाही.)

आधी डीएनएफ बघू. डीएनएफ म्हणजे डिड नॉट फाइंड, नकाशावर तो निळा रडका चेहरा येतो ना, तोच. लोकांना त्याची लाज वाटते, पिवळ्या हसऱ्या चेहऱ्यांच्या रांगेत तो डोळ्यात खुपतो म्हणून कित्येक जण लिहीतच नाहीत. पण न सापडण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, जरा हिशोब करून बघा. उघड्या आकाशाखाली साधारण फोनची अचूकता पाच मीटरच्या आसपास असते, झाडी किंवा उंच भिंती असल्या की सिग्नल अडतो, आपटून फिरून येतो आणि चूक अजून वाढते. पाच मीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे जवळजवळ ७८ चौरस मीटर जागा झाली. आणि ज्याने डबा लपवला त्याच्याही जीपीएसची तेवढीच चूक असू शकते हे आपण विसरतोच, दोघांच्या चुका नेमक्या उलट दिशेला गेल्या तर दहा मीटर, म्हणजे ३१४ चौरस मीटर. एवढ्या जागेत बोटाच्या पेराएवढा चुंबकवाला नॅनो डबा शोधायचाय. मग शून्य मीटरच्या त्या आकड्याला किती मान द्यायचा ते तुम्हीच ठरवा.

म्हणून डबा केवढा आहे आणि डिफिकल्टी, म्हणजे तो शोधायला किती अवघड आहे याचा आकडा, किती आहे हे बघितल्याशिवाय न सापडण्याला काही अर्थच येत नाही. मायक्रो म्हणजे १०० मिलिलीटरपेक्षा कमी, स्मॉल म्हणजे १०० मिलिलीटर ते एक लिटर, रेग्युलर म्हणजे एक ते वीस लिटर. डिफिकल्टी १ ते ५, अर्ध्या अर्ध्याने वाढत जाते. आता डिफिकल्टी ४ असलेला मायक्रो मला मिळाला नाही यातून काय कळतं? काहीही नाही, त्याच्या मालकाने तो मिळू नये म्हणूनच डोकं लावलंय. याउलट डिफिकल्टी १.५ चा रेग्युलर डबा, हिंटमध्ये सरळ लिहिलंय की तुटक्या बुंध्याच्या पोकळीत आहे, तिथे एकच तुटका बुंधा आहे आणि पोकळी रिकामी आहे, तर मग शंका घ्यायला जागा आहे. टेरेनचा आकडा इथे उपयोगाचा नाही, तो तुम्ही तिथवर कसे पोचणार एवढंच सांगतो, पण घाईत लोक दोन्ही आकडे एकत्र करून ‘सोपा होता, तरी नाही मिळाला’ असं ठरवून टाकतात.

माझंच सांगतो. एका रेलिंगला लावलेला मायक्रो, डिफिकल्टी १.५, मी दोनदा जाऊन आलो, मिळाला नाही. मी अगदी ठासून लिहिलं की डबा गेलेला आहे, मालकाने लक्ष द्यावं. बिचारा मालक सुट्टीच्या दिवशी तिथे गेला आणि डबा जागच्या जागी, मी जिथे हात टेकवून उभा होतो त्याच नळीच्या टोकाच्या बुचात. काखेत कळसा आणि गावाला वळसा! त्याने लॉगमध्ये, म्हणजे डब्याच्या पानावरच्या नोंदीत, फक्त ‘डबा व्यवस्थित आहे’ एवढंच लिहिलं, चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता खरोखर गायब होणं. ते होतंच, आणि भरपूर होतं. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांना मगल म्हणतात, आणि मगलच्या हाती डबा लागला की डबा मगल झाला असं बोलायची पद्धत आहे. पण दरवेळी माणूसच असतो असं नाही. पाऊस-पूर, झाड कापलं, कुंपण बदललं, साफसफाई करणाऱ्यांनी कचरा समजून उचलला, चुंबक सुटून खाली पडला आणि वाहून गेला, कुठल्यातरी प्राण्याने प्लास्टिक कुरतडलं. संशयास्पद वस्तू म्हणून बॉम्बशोधक पथकाने उडवलेले डबे सुद्धा आहेत. आणि गंमत बघा, या खेळाचा पहिला डबा पण यातून सुटला नाही. जीपीएसच्या सिग्नलमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक अमेरिकेने मे २००० च्या सुरुवातीला काढून टाकली आणि ३ मे २००० ला डेव्ह उल्मरने ओरेगॉनमध्ये बीव्हरक्रीकजवळ एक बादली ठेवली, ती बादली आज तिथे नाही, आठवण म्हणून एक फलक आहे.

मुद्दाम चोरणारे असतात का? असतात, पण आपल्याला वाटतं त्यापेक्षा कमी. एकटा डबा गेला तर चोर-चोर म्हणून ओरडण्यात अर्थ नाही. एकाच पट्ट्यातले सगळे डबे एका आठवड्यात गेले, कठीण जागेवरचे सुद्धा, तर मात्र कोणीतरी यादी घेऊन फिरतंय असं समजायला हरकत नाही. तेव्हाही लॉगमध्ये त्याला उद्देशून लंबेचौडे निबंध लिहू नका, तो ते मजेत वाचतो, त्याला तेच हवं असतं.

मग डबा तिथे नाही हे ठरवायचं कसं? जुने लॉग वाचा, पण मोजू नका, वाचा. पंधरा जणांना मिळाला आणि एकाला नाही, तर तो एक जण म्हणजे बहुतेक मी. पण ‘दोन मिनिटांत मिळाला’, ‘लगेच दिसला’ असे लॉग सलग चालू आहेत आणि अचानक एका तारखेनंतर तीन-चार निळे चेहरे, त्यातले दोन तरी मुरलेले शोधणारे, तर त्या तारखांच्या मध्ये काहीतरी घडलंय. आणि जागेवरच्या खुणा तर सगळ्यात भारी: तुटलेली तार, झाकणाचा तुकडा, हिंटमध्ये सांगितलेलं झाडच नसणं.

इथेच ते लाजेचं प्रकरण महागात पडतं. एका डब्यासाठी मी तीन चकरा मारल्या, कारण शेवटचा लॉग ‘सापडला’ होता आणि मला वाटलं चूक माझीच. नंतर ओळखीच्या दोघांशी बोलताना कळलं की ते दोघंही माझ्या आधी तिथून हात हलवत आले होते आणि कोणीच काही लिहिलं नव्हतं! डबा महिनाभर आधीच गेला होता. त्यांनी निळा चेहरा टाकला असता तर माझ्या किमान दोन चकरा वाचल्या असत्या, आणि मालकाला पण कळलं असतं.

लॉगचे प्रकार यासाठीच वेगवेगळे आहेत. शोधला आणि मिळाला नाही, तर डीएनएफ, दरवेळी, विचार न करता. पुरावा आहे असं वाटलं तर त्यासोबत ‘मालकाने लक्ष द्यावं’ हा पर्याय, ज्याला आधी नीड्स मेंटेनन्स म्हणायचे, त्याने डब्याच्या पानावर पान्याचं (स्पॅनरचं) चिन्ह लागतं आणि मालक डबा तपासून तसा लॉग टाकेपर्यंत ते राहतं. मालक बरेच दिवस उत्तरच देत नसेल तर ‘रिव्ह्यूअरने लक्ष द्यावं’, रिव्ह्यूअर म्हणजे साइटतर्फे डबे मंजूर करणारा स्वयंसेवक. ही पुढची पायरी आहे, मला डबा नाही मिळाला म्हणून पहिल्याच दिवशी तिथे उडी मारणं म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणं.

आणि एक गोष्ट अजिबात करू नका, खिशातला रिकामा डबा तिथे टाकून ‘सापडला’ लिहिणं. याला थ्रोडाउन म्हणतात. करणाऱ्याला वाटतं मालकाला मदत केली, पण खरा डबा तिथेच असेल तर आता एका जागी दोन डबे, पुढचे लोक चुकीच्या वहीत सह्या करतात आणि मालकाच्या गळ्यात न मागितलेला डबा. मालकाला विचारून बदलला तर गोष्ट वेगळी. रिकाम्या जागेचा फोटो टाकून सापडला म्हणणं पण नाही चालत, सही नाही तर शोध नाही, मालक तो लॉग उडवू शकतो.

मालकांसाठी पण असाच एक गोंधळ आहे, डिसेबल आणि अर्काइव्ह. डिसेबल म्हणजे दुकान दुरुस्तीसाठी बंद, साधारण चार आठवड्यांत परत चालू करायचं. अर्काइव्ह म्हणजे शटर कायमचं खाली, परत उघडणं क्वचितच होतं. दोन डब्यांमध्ये १६१ मीटर अंतर लागतं, त्यामुळे गेलेला डबा नुसता डिसेबल करून अडवून ठेवला की नवीन कोणाला तिथे लपवता येत नाही. डब्यात ट्रॅकेबल, म्हणजे एका डब्यातून दुसऱ्यात फिरणाऱ्या, कोड असलेल्या वस्तू, असतील तर त्यांनाही मिसिंग मार्क करा, नाहीतर लोक फक्त त्यांच्यासाठी तिथे येत राहतात.

रेलिंगवाल्या प्रकरणानंतर मी ठरवून टाकलंय, जे दिसलं तेच लिहायचं. मागच्या महिन्यातला माझा एक लॉग असा होता: ‘चाळीस मिनिटं शोधलं, पुलाच्या डाव्या बाजूच्या तिन्ही खांबांवर हात फिरवला, मधल्या खांबाला तुटलेली तार लटकतेय, फोटो मालकाला पाठवतोय. उजवी बाजू बघितली नाही, तिथे एक जोडपं बसलं होतं.’