गावात एस.टी. हवी आहे? अर्ज कुठे, कागद कोणते

‘गाव मोठं शे, तरी गाडी नही.’ खानदेशात कुठल्याही पारावर बसा, ही तक्रार कानावर येतेच. पण गाव मोठं असल्याचं सांगून डेपोत काम होत नाही. लोकसंख्या लागते ती रस्त्यासाठी. गाडीसाठी प्रवासी दाखवावे लागतात. कार्यालयं वेगळी, म्हणून अर्जही दोन करा. एकाच कागदावर दोन्ही मागण्या घातल्या की तो टेबलाटेबलावर फिरत राहतो.

आधी रस्ता. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या चौथ्या टप्प्यात (२०२४-२५ ते २०२८-२९) २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या धरतात. सपाटीवरच्या वस्तीसाठी ५००, तर अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रात आणि आकांक्षित, म्हणजे विकासात मागे म्हणून केंद्राने निवडलेल्या, जिल्ह्यांत २५० पुरतात. नंदुरबार जिल्हा आकांक्षित आहे. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, साक्री या तालुक्यांचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, तेव्हा आपलं गाव त्या यादीत आहे का ते तहसीलमधून आधी पाहून घ्या. इथे मोजतात ती वस्ती, महसुली गाव नाही. सातपुड्यात एका गावाचे पाच-सहा पाडे डोंगरभर विखुरलेले असतात आणि डांबरी सडक पहिल्याच पाड्याशी संपते. कागदावर मात्र सगळं गाव जोडलेलं दिसतं. म्हणून ग्रामसभेच्या ठरावात पाड्याचं नाव, घरं, माणसं आणि बारमाही रस्त्यापासूनचं अंतर स्वतंत्र लिहून घ्या.

ठराव ग्रामसभेचाच घ्या. ग्रामपंचायतीच्या मासिक सभेच्या ठरावाला तेवढं वजन नसतं. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १००, यांतली कमी संख्या लागते. प्रत ग्रामसेवकाकडून (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) सही-शिक्क्यासह घ्या.

आता गाडीचा अर्ज. तो आगार व्यवस्थापकाच्या नावे करायचा आणि प्रत विभाग नियंत्रकाला द्यायची. जळगाव जिल्ह्यासाठी जळगाव विभाग, धुळे-नंदुरबारसाठी धुळे विभाग. सोबत ग्रामसभेचा ठराव, रस्ता बस चालण्याजोगा असल्याचा बांधकाम विभागाचा दाखला आणि शाळेचं पत्र जोडा. हे पत्र सगळ्यात कामाचं. पाचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना शाळेसाठी एस.टी.चा पास मोफत आहे, त्यामुळे कोणत्या वर्गाच्या किती मुली, शाळा किती वाजता भरते आणि सुटते, हे मुख्याध्यापकांच्या सहीने आलं की फेरीची वेळही त्यातच ठरते. मानव विकास कार्यक्रमातल्या तालुक्यांत मुलींसाठी वेगळ्या गाड्या आहेत; तालुका त्यात असेल तर अर्जात तसा उल्लेख करा. आठवडे बाजाराचा वार आणि दवाखान्याचं गावही लिहा. ‘दिवसातून चार फेऱ्या द्या’ असं मोघम मागू नका. सकाळची एक आणि संध्याकाळची एक, वेळेसकट मागा.

मग डेपोचा माणूस रस्ता पाहायला येतो. तो गावाआधी वळण पाहतो: गाडी कुठे फिरवायची, फरशीपूल किती रुंद, विजेची तार किती खाली, बाभळीची फांदी काचेला लागते का. फांद्या आणि उकिरडे गावाने आधीच हटवावेत. मुक्कामी गाडी, म्हणजे रात्री गावातच थांबणारी, हवी असेल तर चालक-वाहकाला झोपायला खोली, दिवा, पाणी आणि संडास यांची सोय ठरावात लिहावी लागते. बरेच अर्ज इथेच अडतात, कारण खोली द्यायला सगळे हो म्हणतात आणि किल्ली कुणाकडे ते ठरत नाही.

अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेची पोच घ्या. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून ‘अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली’ एवढंच विचारा. ३० दिवसांत कळवणं बंधनकारक आहे. तालुक्याचा लोकशाही दिन तिसऱ्या सोमवारी असतो, तिथेही ही पोच दाखवता येते.

फेरी सुरू झाली की डेपो भारमान पाहतो, म्हणजे गाडी किती भरते ते. काळीपिवळी जीप हटकून एस.टी.च्या दहा मिनिटं आधी निघते. गाव तिच्यात बसून गेलं, तर भारमान नाही या कारणाने फेरी बंद होते आणि पुन्हा अर्ज करताना तोच आकडा डेपो तुमच्यापुढे ठेवतो.