मॅसेडोनियन लोकसमजुती

उत्तर मॅसेडोनियात आणि परदेशी स्थायिक झालेल्या मॅसेडोनियन लोकांत आजही पाळले जाणारे शकुन-अपशकुन, दृष्टीवरचे उपाय, आजारांविषयीचे समज आणि वर्षातल्या ठराविक दिवसांचे नेम यांचा हा संभार आहे. 'अंधश्रद्धा' या अर्थाचा 'सुएवेरिए' हा शब्द त्या भाषेत आहे, पण तो पुस्तकी. घरातली आजी फक्त 'ने चिनी' म्हणते, म्हणजे 'ते बरे नव्हे', आणि एवढ्यावर विषय संपतो. का बरे नव्हे, असे सहसा कोणी विचारत नाही. या समजुतींतल्या फारच थोड्या एकट्या मॅसेडोनियनांच्या आहेत. बल्गेरियन, सर्ब, ग्रीक, अल्बेनियन, तुर्क आणि रोमा शेजाऱ्यांकडेही त्या थोड्याफार फरकाने सापडतात. या प्रदेशातले राजकीय वाद ज्या सीमांवरून चालतात, त्या सीमा या समजुतींना ठाऊक नाहीत, आणि म्हणूनच त्या नीट पाहण्यासारख्या आहेत.

सर्वांत जिवंत समजूत 'प्रोमाया'ची. समोरासमोरची दोन दारे किंवा खिडक्या उघड्या राहिल्या की घरातून जो वाऱ्याचा झोत वाहतो, तो प्रोमाया. मान आखडणे, दात ठणकणे, कंबर धरणे, इतकेच काय चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे, या सगळ्याचा दोष त्याच्यावर जातो. भर उन्हाळ्यात घामाघूम झालेले प्रवासी बसची खिडकी लावून घ्यायला सांगतात ते यामुळेच. ओल्या केसांनी बाहेर पडू नये, अनवाणी फरशीवर फिरू नये, हे त्याच माळेतले नियम. मुलींनी थंड काँक्रीटवर बसू नये, कारण त्याने बीजांडकोशाला सर्दी होते आणि पुढे मूल होत नाही, हा इशारा तर प्रत्येक मॅसेडोनियन मुलीने लहानपणी ऐकलेला असतो. सांगणारे याला अंधश्रद्धा मानत नाहीत. त्यांच्या दृष्टीने हे आरोग्याचे ज्ञान आहे, आणि डॉक्टर किंवा इंजिनियर झालेली माणसेही ते निमूट पाळतात. उपायही ठरलेला असतो : ताप आला तर अंगाला राकिया (फळांची कडक दारू) चोळायची, सर्दी झाली तर तीच साखर घालून गरम करून प्यायची. जुन्या लोककथांत समोविली नावाच्या वनदेवतांच्या अदृश्य पंगतीवर ज्याचा पाय पडतो, तो माणूस एकाएकी आजारी पडतो किंवा लुळा होतो. वाऱ्याच्या झोताने तोंड वाकडे होते हा आजचा समज त्याच भीतीचे सुशिक्षित रूप असावा, असा तर्क करता येतो.

दृष्टीला 'उरोक' म्हणतात. बाळाचे कौतुक केले की लगेच तीनदा 'पु, पु, पु' करायचे किंवा 'माशाला' म्हणायचे, हा शिष्टाचारच आहे. 'माशाला' हा मुसलमानी उद्गार ख्रिस्ती आजीच्या तोंडी सहज येतो, आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. मनगटाला लाल दोरा, कपड्याला निळा मणी, उशीखाली लसणाची कुडी हे नेहमीचे उपाय. एवढ्याने भागले नाही तर 'बायाच्का'कडे जातात. बायाच्का म्हणजे मंत्र पुटपुटणारी म्हातारी. ती भयाने दचकणाऱ्या मुलाच्या डोक्यावर कापड धरते, पाण्याच्या भांड्यात वितळलेले शिसे ओतते आणि थिजलेल्या आकारावरून मूल कशाला घाबरले ते सांगते. या विधीचे नाव 'कुर्शुम' तुर्की आहे, त्यात पुटपुटली जाणारी नावे ख्रिस्ती संतांची असतात, आणि बायाच्का कोणत्या धर्माची आहे याची चौकशी फारशी होत नाही. कॉफी पिऊन झाल्यावर कप बशीत उपडा घालून गाळाच्या नक्षीवरून भविष्य पाहणे मात्र हलक्याफुलक्या गप्पांचा भाग आहे. त्यासाठी खास बाई लागत नाही, शेजारीण पुरते.

बाळ जन्मल्यावर तिसऱ्या रात्री तीन 'नारेच्नीत्सी' येतात आणि त्याचे भाग्य ठरवून जातात, असे मानत. मराठी वाचकाला इथे सटवाई आठवेल, फरक एवढाच की ती एकटी सहाव्या रात्री येते. पहिले चाळीस दिवस बाळ-बाळंतिणीने घराबाहेर पडायचे नाही आणि बाळाचे कपडे सूर्यास्तानंतर दोरीवर ठेवायचे नाहीत, हा नेम शहरांतही पाळला जातो. चाळीस हा आकडा मृत्यूच्या वेळीही येतो. मृताच्या नावाने चाळिसाव्या दिवशी जेवण घालतात, आणि पितरांच्या दिवशी, 'झादुश्नीत्सा'ला, उकडलेला गहू, पाव आणि वाइन थेट थडग्यावर नेऊन वाटतात. प्रवासाला निघालेल्याच्या मागे उंबऱ्यावर पाणी ओततात, त्याचे सारे काही पाण्यासारखे सुरळीत वाहावे म्हणून. या देशाच्या इतिहासात इतके लोक घर सोडून गेले आहेत की ही एवढीशी कृती मला सर्वांत बोलकी वाटते.

मॅसेडोनियन ऑर्थोडॉक्स चर्च सणांसाठी जुने ज्युलियन पंचांग पाळते, त्यामुळे नाताळ ('बोझिक') ७ जानेवारीला येतो. त्याआधी ५ जानेवारीच्या संध्याकाळी गल्लोगल्ली 'कोलेदे'च्या शेकोट्या पेटतात. ६ तारखेला 'बादनिक'च्या उपवासाच्या जेवणात नाणे दडवलेली 'पोगाचा' ही भाकरी मोडतात. नाताळापासून १९ जानेवारीच्या 'वोदीत्सी'पर्यंतचे बारा दिवस 'नेक्र्स्तेनी', म्हणजे बाप्तिस्मा न झालेले. ख्रिस्त जन्मला आहे, पण अजून त्याचा बाप्तिस्मा व्हायचा आहे, म्हणून या काळात भुतेखेते मोकाट सुटतात, अशी त्यामागची कल्पना. वोदीत्सीला ओहरिड सरोवरात क्रूस टाकतात, तो आणायला पुरुष गोठवणाऱ्या पाण्यात उड्या घेतात, आणि तिथे हा धोक्याचा काळ सरतो.

या बारा दिवसांतला सर्वांत विलक्षण आचार दक्षिणेकडच्या गेव्गेलिया भागातल्या 'रुसालीं'चा. तलवारी घेतलेल्या पुरुषांची टोळी झुर्ला आणि तापान या वाद्यांच्या तालावर गावोगाव नाचत फिरे. चव्हाटे, विहिरी, वठलेली झाडे, जुनी थडगी अशा भुतांच्या जागी ते फेर धरत आणि हवेत तलवारी फिरवून ती जागा साफ करत. या दिवसांत त्यांनी कोणाशी बोलायचे नाही, क्रूसाची खूण करायची नाही आणि टोळीतल्या आपल्या जोडीदाराला सोडायचे नाही. गोळा झालेला पैसा चर्चच्या किंवा गावाच्या कामी लागे. दोन टोळ्या समोरासमोर आल्या आणि कोणीच वाट दिली नाही, तर रक्तपात झाल्याच्या कथा आहेत, आणि अशा मेलेल्यांची म्हणून 'रुसाल्यांची थडगी' दाखवली जातात. १९४९ साली स्थापन झालेल्या 'तानेत्स' या सरकारी नृत्यपथकाने हा नाच रंगमंचावर आणला. नाच वाचला, पण त्यातले मौन आणि भीती रंगमंचावर येऊ शकत नाही, ही हानी मान्य केली पाहिजे.

वसंतातल्या समजुती त्या मानाने सौम्य आहेत. १ मार्चला लाल आणि पांढऱ्या दोऱ्याची 'मार्तिंका' मनगटाला बांधतात. करकोचा किंवा पाकोळी दिसली, अथवा झाडाला मोहोर आलेला दिसला, की ती सोडून फळझाडाच्या फांदीला अडकवतात. २२ मार्चला, चाळीस हुतात्म्यांच्या दिवशी, श्तिप गावचे हजारो लोक इसार टेकडी चढतात. वाटेत चाळीस ओळखीच्यांना नमस्कार करायचा, चाळीस खडे वेचायचे, मनात इच्छा धरून नदीत खडा टाकायचा, आणि चाळिसावा खडा रात्री उशाखाली ठेवायचा. लग्नाच्या वयातल्या मुलीला त्या रात्री भावी नवरा स्वप्नात दिसतो म्हणतात. हा उत्सव २०१३ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेला. १४ मे रोजी, संत येरेमियाच्या दिवशी, भांडी बडवत घराभोवती फिरून साप हाकलतात. तरीही घराच्या पायात राहणारा साप मात्र मारायचा नाही. तो घराचा राखणदार, 'स्तोपान', आणि त्याला मारले तर घरातले कोणीतरी जाते.

६ मेचा संत जॉर्जचा दिवस ख्रिस्त्यांचा 'ग्युर्ग्योव्देन', तोच मुसलमानांचा हिद्रेलेझ आणि रोमांचा 'एर्देलेझी'. माकेडोन्स्की ब्रोद गावात एकच छोटी वास्तू ख्रिस्त्यांसाठी संत निकोलसचे चर्च आहे, तर मुसलमानांसाठी हिदर बाबाची जागा. आत संतांच्या तसबिरी आहेत आणि नमाजाच्या चटयाही. ओहरिड सरोवराच्या दक्षिण टोकाला असलेल्या मठात संत नाऊमची (मृत्यू ९१०) समाधी आहे. तिच्या दगडाला कान लावला तर संताच्या हृदयाचे ठोके ऐकू येतात, या श्रद्धेने रोज लोक तिथे वाकतात. बेक्ताशी या सूफी पंथाचे मुसलमान याच समाधीला सारी साल्तुक या आपल्या संताची मानतात. २००१ साली याच देशात अल्बेनियन बंडखोर आणि सरकारी फौजा यांच्यात लढाई झाली. ती त्या वर्षीच्या १३ ऑगस्टच्या ओहरिड करारानंतर निवळली. एका दगडाला दोन धर्मांचे कान लागतात ही वस्तुस्थिती त्या लढाईइतकीच खरी आहे, पण बातम्यांत फक्त लढाई येते.

या समजुती लिहून ठेवणाऱ्यांत प्रिलेपचा शिंपी मार्को त्सेपेन्कोव (१८२९–१९२०) अग्रगण्य. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांकडून त्याने कथा, म्हणी, मंत्र, स्वप्नांचे अर्थ आणि अपशकुन गोळा केले. त्याचे संकलन १९७२ साली राजधानी स्कोपियेत दहा खंडांत निघाले, आणि १९५० साली स्थापन झालेल्या तिथल्या लोकसाहित्य संस्थेला त्याचे नाव आहे. त्याआधी स्त्रुगाच्या मिलादिनोव बंधूंचा लोकगीतांचा मोठा संग्रह १८६१ साली झाग्रेबमध्ये छापला गेला. त्यानंतर थोड्याच काळात, १८६२ साली, दोघेही भाऊ इस्तंबूलच्या तुरुंगात मरण पावले. त्या संग्रहाच्या शीर्षकात 'बल्गेरियन' हा शब्द आहे, आणि त्सेपेन्कोवचे शेवटचे दिवस सोफियात गेले. ही दोन तथ्ये बल्गेरियाशी आज चाललेल्या वादाच्या मुळाशी पोहोचतात : ही गीते, ही भाषा, ही माणसे कोणाची?

युगोस्लाव्हियातून १९९१ साली बाहेर पडलेल्या या देशाला आपल्या नावासाठीच सत्तावीस वर्षे ग्रीसशी झगडावे लागले. १७ जून २०१८ रोजी प्रेस्पा सरोवराकाठी करार झाला. सप्टेंबरमधल्या सार्वमतात मतदान सुमारे ३७ टक्केच झाले, तरी संसदेने करार मान्य केला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये देश 'उत्तर मॅसेडोनिया' झाला. २७ मार्च २०२० रोजी तो नाटोचा तिसावा सदस्य बनला. त्याच वर्षी बल्गेरियाने भाषा आणि इतिहास यांचे कारण देऊन युरोपीय संघाशी होणारी सदस्यत्वाची बोलणी अडवली. २०२२ च्या तडजोडीनुसार राज्यघटनेत बल्गेरियन लोकांचा उल्लेख घालायचा आहे. २०२४ च्या निवडणुकीत सत्तेवर आलेल्या ख्रिस्तियान मित्स्कोस्की यांच्या सरकारने त्या अटीवर घटनादुरुस्तीची तयारी दाखवलेली नाही. युरोपीय संघाच्या वाटेवर तोवर सोबत चाललेला अल्बेनिया त्याच वर्षी एकटा पुढे गेला. मार्तिंकेची गोष्ट मात्र वेगळी झाली. २०१७ साली बल्गेरिया, मॅसेडोनिया, रुमानिया आणि मोल्दोव्हा यांनी मिळून १ मार्चचा दोरा युनेस्कोच्या यादीत नोंदवला. त्याच वर्षी हिद्रेलेझचा प्रस्ताव मॅसेडोनिया आणि तुर्कस्तानने मिळून दिला. समजुतींच्या सामायिक वारशावर सह्या करणे या राज्यांना जमते, आणि वसंताचा दोरा कोणाचा यावर व्हेटो वापरावा असे कोणाला वाटलेले नाही.

घर सोडून कमाईला जाण्याला 'पेचाल्बा' म्हणतात. डोंगराळ पश्चिमेकडचे गवंडी आणि सुतार पिढ्यान्‌पिढ्या बाहेर राहत आणि जुलैत घरी येत. म्हणून गालिच्निक गावात सारी लग्ने १२ जुलैच्या पेत्रोव्देनला लागत. तिथे लग्नाआधी वराकडचे लोक दफनभूमीत जाऊन मेलेल्या नातलगांनाही लग्नाचे आमंत्रण देतात. विसाव्या शतकात पेचाल्बा टोरांटो, डेट्रॉइट, मेलबर्न, सिडनी, स्वीडन इथवर पोहोचली. ग्रीक यादवी युद्धात, १९४८ साली, सीमेपार पाठवलेल्या हजारो मुलांतलीही कित्येक पुढे तिकडेच गेली. आज एकट्या ऑस्ट्रेलियात मॅसेडोनियन वंशाचे एक लाखाहून अधिक लोक आहेत, आणि २०२१ च्या जनगणनेत मायदेशात उरलेले रहिवासी होते १८,३६,७१३. प्रेस्पा कराराविरुद्ध मेलबर्न आणि टोरांटोतही मोर्चे निघाले. सोडलेल्या गावाचे नाव दूर गेलेल्याला अधिक घट्ट धरावेसे वाटते, आणि समजुतींचेही तसेच होते. स्कोपियेत ज्या नेमांकडे तरुण दुर्लक्ष करतात, ते परदेशातल्या घरांत आजीने निघताना सोडले होते त्याच रूपात सापडतात.

दक्षिण गोलार्धात मात्र पंचांग उलटते. मेलबर्नमध्ये १ मार्चला शरद ऋतू सुरू होतो, तिथे करकोचे येत नाहीत आणि झाडांना मोहोरही नसतो. मार्तिंका सोडायला चिन्ह उरत नाही, म्हणून २२ तारीख धरायची. कोलेदेची शेकोटी हिवाळ्याला पळवण्यासाठी आहे, पण तिथे ती भर उन्हाळ्यात येते, आणि वणव्याच्या भीतीने उघड्यावर आग पेटवायला बंदी असलेल्या दिवसांत ती पेटवताच येत नाही. प्रोमायाची भीती तेवढी तशीच्या तशी पोहोचली आहे. तिला आता एअर कंडिशनरचा झोतही चालतो.

बादनिकची पोगाचा कुठेही जमते. ती मोडताना पहिला तुकडा देवाचा, मग घराचा, मग वडीलधाऱ्यांपासून धाकट्यांपर्यंत एकेकाचा. जे परदेशी आहेत त्यांच्या नावाचा तुकडाही काढून ठेवतात, आणि नाणे त्यात निघाले तर त्या वर्षीचे भाग्य त्यांचे. पश्चिमेकडच्या रिकाम्या होत चाललेल्या गावांत दोघेच म्हातारे जेवायला बसलेले असतात, तेव्हा बहुतेक तुकडे असे न आलेल्यांच्या नावाचेच असतात.